रुमालाआडचे गणपती

ओल्या शाडूला एक वास असतो. खोल विहिरीच्या काठावरून वाकून आत पाहिलं की तोंडावर जो गारवा येतो, त्याच्या नात्यातला. थंड, जुना आणि किंचित खारा. पेणच्या आमच्या गल्लीत सकाळी पाऊल टाकलं की आधी तो वास नाकाला भेटतो आणि मग दिसतात पडवीच्या सावलीत फळ्यांवर ओळीने वाळत ठेवलेले कच्चे गणपती. अजून रंग चढलेला नाही, पितांबर नाही, मुकुटावर सोनेरी झळाळी नाही. डोळ्यांची आखणी तर फार पुढची गोष्ट. फिकट करड्या मातीचं ते निरलंकृत, निःशब्द ध्यान पाहिलं की मी दरवेळी थबकते. रंगवलेल्या मूर्तीसमोर आपसूक हात जोडले जातात, कच्च्या मूर्तीसमोर मात्र मला नुसतं बसून राहावंसं वाटतं. तिथे अजून काही मागायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, आज सकाळी सकाळी हिला झालंय तरी काय? झालंय असं की मी जिंकले आहे. सांगूनच टाकते, कारण पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही आणि विनयाचं नाटक तर त्याहून जमत नाही. एका सोज्ज्वळ, साध्या, हाताने लिहिलेल्या वेबसाइटच्या जोरावर आमच्या गल्लीतला एक गणपतीचा कारखाना वाचला आहे, आणि ती वेबसाइट लिहिणारे हात माझे आहेत. हसा खुशाल! शाडूच्या वासापासून निघालेली बाई एकदम वेबसाइटवर कशी येऊन धडकली, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण या दोन गोष्टींचं नातं मला इतकं स्पष्ट दिसतं, की ते तुम्हाला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पेणच्या एसटी स्टँडजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला विजेचं बिल भरायचं असतं, कोणाला मुलीचा निकाल पाहायचा असतो. दिवसभर मी लोकांच्या वतीने वेबसाइटी उघडत बसते. फार वर्षांपूर्वी या व्यवसायात पडले, तेव्हा त्या कशा लिहितात तेही हौसेने शिकून घेतलं होतं. त्या काळी एखादं पान उघडलं की मध्येच करडा चौकोन दिसायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं, अमुक प्लगइन नाही, आधी ते उतरवून घ्या. म्हणजे जेवायला या, पण येताना ताट-वाटी तुमची आणा! आम्ही मुकाट्याने ताट-वाटी आणायचो, ती जुनी झाली म्हणून पुन्हा नवी आणायचो. पुढे ती बिचारी प्लगइनं कालवश झाली. त्यांच्या तेराव्यालाही कोणी गेलं नाही.

त्यांच्या जागी आल्या स्क्रिप्ट. पानासोबत गुपचूप येणाऱ्या आणि तुमच्याच फोनमध्ये बसून काम करणाऱ्या सूचना म्हणजे स्क्रिप्ट. चित्र आपोआप सरकतं, ते तिच्यामुळे. खालून ‘मी आपली काय मदत करू’ म्हणत एक गोल चेहरा उगवतो, तोही तिच्यामुळे. आता मला सांगा, वालाच्या बिरड्याची कृती वाचायला गेलेल्या बाईचं ठिकाण त्या पानाला कशाला हवं? पंचांगातली तिथी पाहताना तिला सूचना पाठवायची परवानगी कशासाठी मागायची? निकालाच्या पानावर वधू-वरांची चित्रं का नाचावीत? एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याच्या मागून वाजंत्री, फोटोवाला, विम्याचा एजंट आणि भविष्य सांगणारा असे सगळे घरात शिरावेत, तशी आजची साधीसुधी पानं झाली आहेत. आणि गंमत ही की हे कोणाला खटकतही नाही, कारण सगळीकडे तसंच असतं. स्क्रिप्टशिवायची वेबसाइट आज शोधून सापडायची नाही.

लोकही काही दूधखुळे नाहीत. त्यांनी आपल्या ब्राउझरच्या दारात राखणदार बसवले. जाहिराती अडवणारी प्लगइनं! मेलेल्या प्लगइनांची ही पुतणी म्हणा हवं तर. बाहेरून आलेली अनोळखी स्क्रिप्ट दिसली की हे राखणदार तिला उंबरठ्यावरूनच परत पाठवतात. शहरातल्या कितीतरी लोकांच्या यंत्रांत ते असतात. मुलं आई-वडिलांना बसवून देतात आणि आई-वडिलांना ते आहेत हे ठाऊकही नसतं. माझी सवय आणखी विचित्र. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रिप्टच बंद करून टाकते आणि मग पान उघडते. बघू तरी, दागिने उतरवल्यावर खाली काय उरतं! काही पानं तशीच प्रसन्न हसत उभी राहतात. काहींच्या जागी मात्र नुसता पांढरा पडदा उरतो. कच्च्या मूर्तीसमोर बसण्याचा माझा नाद आणि हा नाद एकच आहे, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

आता सुषमावहिनीकडे वळते. आमच्याच गल्लीत तिचा शाडूच्या मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चिमणी आणि भोंगा नव्हे बरं का. पत्र्याची मोठी शेड, साच्यांच्या थप्प्या, मातीचे गोळे आणि हातात कोरणी घेऊन बसलेल्या बायका, याला पेणमध्ये कारखाना म्हणतात. तिचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मागच्या वर्षी अचानक गेले. अण्णा होते तोवर गिऱ्हाइकं अण्णांच्या शब्दावर यायची. मुंबईचे, पुण्याचे, परदेशी गेलेले, सगळे अण्णांना फोन करायचे आणि अण्णा ‘तुमच्या घरचा गणपती मला ठाऊक हाय’ म्हणत मूर्ती ठरवून टाकायचे. वहिनीचा हात अण्णांपेक्षाही चांगला. सोंडेचं वळण आणि डोळ्यांची आखणी पहिल्यापासून तिचीच. पण गिऱ्हाइकांना हे कुठे माहीत? त्यांना फक्त अण्णांचा आवाज माहीत होता.

त्यात तिचे दीर विलासभाऊ. माणूस वाईट नाही, पण व्यवहाराला पक्का. शेड दोघा भावांच्या नावावर. डोलवीच्या कंपनीत काम घेणारा एक ठेकेदार आपलं सामान ठेवायला जागा शोधत होता आणि त्याने भाऊंच्या कानावर गोष्ट घातली होती. माघाच्या सुरुवातीला भाऊ शेडमध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वैनी, अण्णाचा कारखाना अण्णाबरोबर गेला. आता ही माती कोण घेनार? अक्षय्य तृतीयेपर्यंत बघू. मागणी आली तर ठीक, नायतर शेड ठेकेदाराला देऊन टाकू.” वहिनी हातातली कोरणी ठेवून उठली. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “नंदाताई, मला दुसरं काय येतं गो? हे बंद झालं तर मी सकाळी उठून करू काय?” हा प्रश्न मला आजही ऐकू येतो. एखाद्या माणसाच्या हातातली कला काढून घेतली, तर त्या हातांनी सकाळी कुठे जायचं?

वहिनीने हाय खाल्ली नाही. तिने आपली वेबसाइट करून घेतली. पनवेलच्या एका लहानशा कंपनीतल्या मंडळींनी ती केली आणि मान्य करायला हवं, फार देखणी केली. वरून झेंडूच्या पाकळ्या गळायच्या. उघडताक्षणी घंटा वाजायची. आणि सगळ्यांत सुंदर जी कल्पना, ती वहिनीची स्वतःची. आपल्याकडे गणपती घरी आणताना त्याचं मुख वस्त्राने झाकतात. घरच्या उंबरठ्यापाशी आल्यावर, ओवाळल्यावर मगच तो रुमाल काढायचा. वहिनीने सांगितलं, वेबसाइटवरही तसंच हवं. प्रत्येक मूर्तीच्या मुखावर जरीकाठी रुमाल, आणि पाहणाऱ्याने बोट लावलं की तो अलगद सरकावा. केवढी काव्यमय गोष्ट! माझ्या दुकानातल्या वायफायवर आम्ही ती पाहिली, तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. रुमाल सरकला की खालून वहिनीच्या हातची ती शांत, प्रसन्न, किंचित मिश्कील मुद्रा उगवायची आणि अंगावर शहारा यायचा. स्क्रिप्टवर तोंडसुख घेणारी मी त्या दिवशी तिच्या प्रेमात पडले आणि ती बंद करून पाहायची माझी नेहमीची सवयही विसरले.

मग वाट पाहणं सुरू झालं. वेबसाइटचा पत्ता अण्णांच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला होता. फोन येईना. एकही नाही. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की रस्त्यात, बाजारात, देवळाच्या पायरीवर लोक वहिनीचं अभिनंदन करायला लागले! भाजीवाली म्हणायची, “वैनी, जोरात हाय ना यंदा! अण्णांचं नाव राखलंस.” कोणी म्हणे, पाहिली तुमची वेबसाइट, डोळे निवले. वहिनी कसनुसं हसायची आणि शेडमध्ये येऊन डोळे पुसायची. तिला वाटायचं, लोक आपली टर उडवतात. मूर्ती मागायच्या सोडून कोणी अभिनंदन करतं का? मीही चक्रावले. इतकी लाडकी बाई, इतक्या देखण्या मूर्ती, सगळ्यांनी पाहिलेल्या, सगळ्यांनी वाखाणलेल्या, आणि घ्यायला कोणी नाही! फाल्गुन लागला तसे विलासभाऊ शेडची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेले.

कोडं सुटलं ते माझ्या माहेरी. रोह्यापासून आत, कुंडलिकेच्या अंगाला आमचं लहानसं गाव. भात निघाला की त्याच ओलीवर वाल पेरायचा, ही तिथली रीत. शेवटच्या शेंगांची पोपटी लावायची म्हणून दादाने बोलावलं आणि मी पनवेलहून येणारी रोह्याची गाडी पकडली. पोपटी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा वर पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. शेंग आपल्याच वाफेवर शिजते. तो पाला तापला की जो उग्र, हिरवा दरवळ सुटतो, त्याने तिन्हीसांजेचं सगळं शिवार भरून जातं. इतक्या कमी सामानात इतकी चव येते कुठून, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

जाळाभोवती बसलो असताना दादा सहज म्हणाला, “नंदे, तुमच्या सुषमावैनींचे गणपती माघातच संपले व्हय? आमच्या घरात इतक्या वर्षांचा त्यांचाच गणपती येतो, आमचा एक तरी ठेवायचा होता. आता दुसरीकडे सांगून आलो.” मी शेंग सोलता सोलता थांबले. संपले? कोण म्हणालं संपले? दादाने मोबाइल काढला. आमच्या गावात रेंज म्हणजे पाहुणीच. आली तर अंगणाच्या एका कोपऱ्यात येते आणि लगेच निघते. कितीतरी वेळाने वहिनीची वेबसाइट उघडली. घंटा नाही, पाकळ्या नाहीत. नुसत्या ओळीने मूर्ती, आणि प्रत्येक मुखावर रुमाल. दादाने बोट लावलं. रुमाल जागचा हलला नाही. पुन्हा लावलं. नाहीच. दादा समजुतीच्या स्वरात म्हणाला, “हे काय, रुमाल घातलेत ना सगल्यांवर. रुमाल कवा घालतात? घरवाला न्यायला आला का. म्हनजे सगले ठरलेले. मग फोन करून त्या बाईला नाय म्हनायला कशाला लावायचं?”

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तो त्या जाळापेक्षा मोठा होता. रुमाल सरकवणारी स्क्रिप्ट बाहेरच्या कुठल्यातरी भल्या मोठ्या गाठोड्यातून यायची. आमच्या गावच्या रेंजमधून मूर्तीचं चित्र कसंबसं यायचं, रुमालही यायचा, पण ते गाठोडं काही यायचं नाही. मग शहरातल्यांचं काय? त्यांची रेंज तर उत्तम! मी तिथूनच पुण्यातल्या मावसबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, “हो गं, पाहिली ना वेबसाइट. सगळ्या मूर्तींवर वस्त्र आहे, म्हणजे बुक झाल्यात. मी मैत्रिणींनाही सांगितलं, पेणच्या काकूंचं यंदा फार छान चाललंय!” तिच्या ब्राउझरच्या दारात मुलाने राखणदार बसवून दिला होता, हे मला माहीत होतं. त्या राखणदाराने बाहेरून आलेल्या त्या बापड्या स्क्रिप्टला दलाल समजून हाकलून दिलं होतं. मी माझ्या फोनवर स्क्रिप्ट बंद करून पाहिलं. तेच! रुमालच रुमाल! वहिनीची वेबसाइट नीट दिसत होती ती फक्त माझ्या दुकानात आणि ती करणाऱ्यांच्या टेबलावर.

जगात दुसरीकडे कुठे ही चूक झाली असती का, सांगा बरं! इतर कोणी ते रुमाल पाहून म्हटलं असतं की वेबसाइट बिघडलेली आहे, दुरुस्त करा. आमच्या माणसांना त्यात बिघाड दिसलाच नाही. त्यांना दिसली रीत. झाकलेलं मुख म्हणजे कोणाच्या तरी घरी निघालेला गणपती; त्याकडे हावरटासारखं पाहू नये, त्याची किंमत विचारू नये, आनंदाने बाजूला व्हावं. आणि ते सगळे खरंच आनंदाने बाजूला झाले होते! एकेकाने मनोमन वहिनीचं भलं चिंतलं, तिला नाही म्हणायचा त्रास होऊ नये म्हणून फोनही केला नाही आणि या सगळ्या चांगुलपणाच्या ओझ्याखाली ती बिचारी बुडत चालली होती. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दादा म्हणाला, “हिला भांबुर्डा चढला वाटतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पेणला परतले ती घरी न जाता थेट शेडमध्ये. वहिनीच्या समोर फोन धरला, स्क्रिप्ट बंद केल्या आणि म्हटलं, बघ, लोकांना हे दिसतंय. तिने एक एक मूर्ती वर सरकवत पाहिली. मग दादाचं म्हणणं सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडते आहे, तर बाई हसत होती! “म्हणजे ती भाजीवाली खरंच मनापासून बोलत होती गो!” म्हणाली. इतक्या दिवसांचा तो अपमान, तो सल, एका क्षणात निघून गेला. धंदा अजून यायचाच होता, पण गाव आपल्याला हसत नव्हतं, आपल्यासाठी हसत होतं, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी विसरणार नाही.

रुमाल काढायचा म्हटल्यावर मात्र ती अडली. “उघडं मुख ठेवायचं? सगळ्यांच्या हातातल्या फोनवर? कोण जेवताना बघेल, कोण बसमध्ये.” तिचा विरोध मला समजत होता. स्क्रिप्ट आपल्याच घरून, म्हणजे आपल्याच वेबसाइटवरून पाठवता येते, तिचं गाठोडं हलकं करता येतं, हेही मी तिला सांगितलं. स्क्रिप्टशी माझं काही जन्माचं वैर नाही. एसटीची सीट निवडायची तर स्क्रिप्ट लागते आणि ती असावीच. पण ती शेडमधल्या आपल्या मूर्तींकडे पाहू लागली. त्या सगळ्या उघड्या मुखाने बसल्या होत्या. येणारा-जाणारा त्यांना पाहत होता. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “आपण कुठे इथे झाकतो? रुमाल तर गिऱ्हाइकानं आपल्या घरून आणायचा असतो.”

या एका वाक्यावर मी तिला मिठी मारली. रुमाल ज्याचा त्याने आणावा! सजवणं, झाकणं, ओवाळणं हे घेणाऱ्याच्या प्रेमाचं काम. देणाऱ्याने फक्त मुख नीट दाखवावं. माझ्या आवडत्या साध्या पानांविषयी मी वर्षानुवर्षं जे म्हणू पाहत होते, ते मला कधी इतकं सोपं म्हणता आलं नव्हतं. आम्ही पनवेलला फोन केला. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला की मॅडम, आजकाल इतकं साधं कोणी ठेवत नाही, लोकांना ते जुनाट वाटतं. मी म्हटलं, वाटू दे! मी आणि वहिनी माझ्या दुकानात बसलो आणि मी ते पान पहिल्या अक्षरापासून हाताने लिहिलं. मूर्तीचं हलकं चित्र, खाली तिची उंची, कोणती माती, कोण घडवतं. तिथे अण्णांच्या नावाखाली वहिनीने प्रथमच आपलं नाव घालू दिलं. आणि अगदी वर, ठळक अक्षरांत, फोन नंबर. एकही स्क्रिप्ट नाही. पाकळी नाही की घंटा नाही. ते पान शेंगेसारखं आपल्याच वाफेवर शिजलेलं होतं.

खरी परीक्षा दादाच्या अंगणात होती. मी त्याला फोन करून सांगितलं, उघड. पलीकडे बराच वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू येत राहिली. वहिनी माझ्या बाजूला, कान फोनपाशी. आणि मग दादाचा आवाज आला, इतका मोठा की फोनशिवायही पेणला ऐकू आला असता. “दिसला! नंदे, दिसला गो! सोंड पन दिसली, डोले पन दिसले! अरे, हे तर सगले उघडेच हायत! आमचा तो मधला, लोडाला टेकलेला, तो आमचा. त्या दुसऱ्यांना मी नाय म्हनून येतो.” वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला, की तिच्या बोटांची माती माझ्या बाहीवर उमटली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय वर्णावं! दादाने गावात सांगितलं, मावसबहिणीने मैत्रिणींना सांगितलं, आणि जी बातमी माघात ‘संपले’ म्हणून पसरली होती, तीच चैत्रात ‘आहेत’ म्हणून दुप्पट वेगाने पसरली. खाडीकडच्या मिठागरांतून, जिथे रेंज खारफुटीत अडकून बसते, तिथून फोन आले. परदेशातून आले. वडखळच्या नाक्यावर गाडी थांबवून एक कुटुंब थेट शेडमध्ये आलं, हातात फोन आणि फोनवर वहिनीने घडवलेलं मुख. आणि लोक आता वहिनीशीच बोलत होते. तिचा आवाज हळूहळू बदलत गेला. आधी ती फोनवर अडखळायची, मग एका दुपारी मी तिला म्हणताना ऐकलं, “तुमच्या घरचा गणपती मला ठाऊक हाय.” मी दारातच थांबले. ते अण्णांचं वाक्य होतं, पण अनुकरण नव्हतं. तिला खरंच ठाऊक होतं. सगळ्या घरांचे डोळे तिनेच तर आखले होते.

अक्षय्य तृतीयेला सकाळी विलासभाऊ ठेकेदाराला घेऊन आले. मी तिथे हजर होते आणि खोटं कशाला बोलू, हा प्रसंग चुकवायची माझी मुळीच तयारी नव्हती. ठेकेदार शेडच्या दारातच अडखळला, कारण आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर मूर्ती, फळ्यांखाली मूर्ती, साच्यांतून नुकत्या निघालेल्या, वळण घेत असलेल्या. गल्लीतल्या आणखी बायका मदतीला बसलेल्या, बोलण्याचा आणि माती थापण्याचा एकच गलका. वहिनी मधोमध, कोपरापर्यंत शाडूत. तिने भाऊंना पाहिलं आणि तिचा चेहरा क्षणभर उतरला. मागणी आली होती खरी, पण भाऊंनी ठेकेदाराला शब्द दिलेला असला तर? शेड दोघांची होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात मातीचे, फोन खिडकीत. ती म्हणाली, “भावजी, जरा घ्या हो तेवढा.” भाऊंनी फोन उचलला. पलीकडच्याने काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण भाऊंच्या कपाळावरच्या आठीवरून अंदाज आला. कोणीतरी विचारलं असावं की अण्णा गेले असं ऐकलं, कारखाना चालू आहे का? मदतीच्या बायकांनी माती थापणं थांबवलं. भाऊंनी ठेकेदाराकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातांकडे पाहत राहिले.

“चालू हाय म्हणजे?” ते जवळजवळ खेकसलेच. “बंद कवा होता? आमचाच कारखाना हाय. आमच्या वैनी स्वतः घडवतात. तुमी बोला, केवढी मूर्ती पायजे?”

वहिनीने मान वर केली नाही. हातातल्या सोंडेला ती सावकाश वळण देत राहिली.